एकेचाळीस सेकंद

आमच्या रविवारच्या मंडळात रेकॉर्डला 'चांगली' म्हणायला बंदी होती. नियम बाबांचा. ते घड्याळजी होते आणि घड्याळालाही कधी चांगलं किंवा वाईट म्हणत नसत. दिवसाला किती सेकंद पुढे जातं, किती मागे पडतं, एवढंच सांगत. तोच कायदा त्यांनी गाण्यांना लावला. कोणाला रेकॉर्ड सुचवायची असेल तर चिठ्ठी लिहायची: कोणासाठी, कोणती बाजू, कितवं गाणं आणि कान कुठे द्यायचा. चिठ्ठी कव्हरात घालून रेकॉर्ड त्या माणसाच्या हवाली करायची. आठवडाभर ऐकून पुढच्या रविवारी त्याने काय ऐकू आलं ते सांगायचं. चिठ्ठी मात्र कव्हरातच राहायची. त्यामुळे आमच्या जुन्या रेकॉर्डींची कव्हरं जेवून उठलेल्या माणसासारखी फुगलेली असत.

'डॉक्टरीणबाईंसाठी. पहिली बाजू, दुसरं गाणं. व्हायोलिन थांबतं तिथे कोणाची तरी खुर्ची करकरते.' ही बाबांची चिठ्ठी.

त्याखाली दातांच्या डॉक्टरीणबाईंचं अक्षर: 'करकरली. माझ्या दवाखान्यातलीही अशीच करकरते. तेल द्यायला हवं.'

मंडळ म्हणजे चार माणसं. बाबा, डॉक्टरीणबाई, शेजारच्या गल्लीतले शिंपीकाका आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांचं आडनाव वेगळंच होतं, पण गाण्यात त्यांना पहिल्यांदा खरखर ऐकू यायची आणि मग गाणं, म्हणून त्यांचं नाव खरखरे पडलं. पुढे पुढे त्यांच्या घरी फोन करतानाही आम्ही 'खरखरे आहेत का' असंच विचारायचो आणि त्यांची बायको 'आहेत' म्हणून त्यांना हाक मारायची.

जागा दुकानामागची खोली. एका भिंतीला दुरुस्तीला आलेली लंबकाची घड्याळं, समोर बाबांचं बाक, बाकावर चिमटे, तेलाच्या कुप्या आणि छोटा लेथ. सकाळी दहाला बाबा उठून भिंतीवरचा एकेक लंबक बोटाने थांबवत. टकटक बंद झाली की रेकॉर्ड लावायची. एक वाजता सगळे लंबक पुन्हा चालू करायचे आणि काटे तीन तास पुढे सरकवायचे. लहानपणी मला वाटायचं, रविवारी दहा ते एक ही वेळ फक्त आमच्या घरी नसते.

बाबा गेले त्याच महिन्यात रेकॉर्ड वाजवायच्या जुन्या मशीनची मोटर जळली. खरखरे म्हणाले, "मालकाशिवाय राहवलं नाही तिला." कोणी हसलं नाही. मंडळ बंद पडलं. घड्याळं ज्याची त्याने नेली. वर्षभर मी ती खोली झाडण्यापुरतीच उघडली.

मी मोजमापांच्या प्रयोगशाळेत काम करते. दुकानदारांची वजनं, दवाखान्यांचे तापमापक, कारखान्यांच्या पट्ट्या आमच्याकडे तपासायला येतात. त्या किती चुकतात हे आम्ही लिहून देतो. दुरुस्त करणं आमचं काम नाही. चूक माहीत असली की माणूस तेवढं वजा करून वापरू शकतो. हे मी प्रशिक्षणाला येणाऱ्यांना दर वर्षी सांगते आणि दर वर्षी त्यांना ते खोटं वाटतं.

वर्ष उलटल्यावर मी नवीन मशीन घेतलं. स्फटिकाच्या ठोक्यावर चालणारं, वेगात हजारात एकाचाही फरक नाही. रेकॉर्ड ठेवायच्या तबकडीच्या कडेला वेग दाखवणारे ठिपके आणि बाजूला वेग कमीजास्त करायची सरकपट्टी. मग तिघांनाही फोन केले.

पहिल्या रविवारी सगळे आले. खरखऱ्यांनी मशीनभोवती नवी सून पाहावी तशी एक फेरी मारली.

"खरखर कुठे आहे हिची?"

"नाहीये," मी म्हटलं.

"मग मी काय ऐकू?"

"गाणं ऐका की एकदा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पासष्टीत तरी."

त्या आपल्यासोबत दात तपासायचा बारीक दिवा आणतात. रेकॉर्ड तिरपी धरून तिच्या रेघांवर उजेड टाकतात आणि 'कीड नाही' असं जाहीर करतात. मग लावायची. त्या दिवशी त्यांची एक झाली, खरखऱ्यांची एक झाली आणि मग शिंपीकाकांनी आपली पिशवी उघडली.

ती पिशवी अस्तराच्या कापडाची, त्यांनी स्वतः रेकॉर्डच्या मापाने शिवलेली. आत काय आहे हे आम्हाला ठाऊक होतं. शिंपीकाकांची बायको, म्हणजे आमच्या काकू, शाळेत शिकवायच्या. शाळेच्या गायनवर्गाची एक रेकॉर्ड कधीकाळी निघाली होती, दोनेकशे प्रतींची. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. सगळ्या मुली थांबतात आणि काकू एकट्या चार ओळी म्हणतात. रेकॉर्ड निघाली त्याच वर्षी काकू गेल्या. त्याला सव्वीस वर्षं झाली. त्यांच्या आवाजाचं दुसरं काही कुठे शिल्लक नाही. रेकॉर्ड झिजू नये म्हणून शिंपीकाका ती वर्षातून एकदाच लावू देत, लग्नाच्या तारखेच्या जवळच्या रविवारी. गेल्या वर्षीचा तो रविवार मंडळ बंद असल्यामुळे हुकला होता.

मी सुई ठेवली. मुलींचा कोरस झाला. काकूंच्या ओळी सुरू झाल्या. शिंपीकाका नेहमी त्या वेळी मांडीवरच्या हाताने बारीक ताल धरतात. आज हात दुसऱ्या ओळीला थांबला.

गाणं संपलं. ते म्हणाले, "परत लाव बरं."

सव्वीस वर्षांत त्यांनी हे कधी म्हटलं नव्हतं. मी परत लावली.

"ही ती नाही," ते म्हणाले.

"अहो, दुसरी कोण असणार?" खरखरे म्हणाले. "कव्हर तुमचं, पिशवी तुमची."

"आवाज जाड झालाय. थकल्यासारखा. म्हातारा झालाय तिचा आवाज."

डॉक्टरीणबाईंनी रेकॉर्ड उचलून दिव्याखाली धरली. बराच वेळ पाहिलं. "रेघा स्वच्छ आहेत हो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांच्या तोंडापेक्षा स्वच्छ."

"झिजली," शिंपीकाका म्हणाले. "वर्षातून एकदा म्हणून काय झालं? ऐकणं ते ऐकणंच. मीच झिजवली."

मी चहा ठेवला होता. ते उठले. अस्तराची पिशवी तिथेच राहिली होती. ती मी पुढे केली, तर त्यांनी हात मागे घेतला.

"राहू दे इथेच, पोरी. घरी नेऊन काय करू? फोटो आहेत, पण ते बोलत नाहीत. ही एकच बोलायची."

ते गेल्यावर खरखऱ्यांनी मशीनभोवती आणखी एक फेरी मारली. मग म्हणाले, "ऐक, मला पण वेगळं वाटलं. मी बोललो नाही. म्हटलं, आपले कान."

दुपारी मी एकटीच बसले. एक गोष्ट खटकत होती. रेघ झिजली तर आवाज खरबरीत होतो, वरचे बारीक सूर जातात, मागची खरखर वाढते. आवाज जाड होत नाही. झीज सूर खाली आणू शकत नाही. सूर खाली आणतो फक्त वेग.

कव्हर उलटं करून झटकलं, तर एकच चिठ्ठी पडली. बाबांची.

'शिंपीदादांसाठी. दुसरी बाजू, तिसरं गाणं. वहिनींचे ४१ सेकंद.'

मी स्टॉपवॉच घेतलं. काकूंच्या पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत तीनदा मोजलं. बेचाळीस पूर्णांक एक, बेचाळीस पूर्णांक दोन, बेचाळीस पूर्णांक एक.

दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं. सेकंदभराचा फरक काय, बोट दाबायला उशीर झाला असेल. पण बाबांचं बोट सेकंदभर चुकणार नाही. मी नववीत असताना एका प्रयोगात लंबकाच्या दहा हेलकाव्यांची वेळ 'साधारण वीस सेकंद' अशी लिहिली होती. 'साधारण' या शब्दावरून त्यांनी मला जेवायच्या ताटावर असं काही ऐकवलं होतं की तो शब्द मी आजही जपून वापरते.

म्हणजे बाबांच्या मशीनवर काकू एकेचाळीस सेकंद गात होत्या आणि माझ्या मशीनवर बेचाळीसहून थोडं जास्त. माझं मशीन चुकत नव्हतं.

जुनं मशीन कपाटावर होतं. खाली उतरवलं, तबकडी काढली. आत मोटरच्या दांड्यावर एक पितळी टोपी असते. ती रबरी चाकाला फिरवते, चाक तबकडीला. मूळची टोपी झिजल्यावर बाबांनी ही आपल्या लेथवर करून बसवली होती, एवढं मला माहीत होतं. टोपी जरा जाड झाली तर तबकडी तेवढीच जलद फिरणार. मी मायक्रोमीटर लावला. सहा पूर्णांक अठ्ठावन्न मिलिमीटर.

मग तबकडी उलटी केली.

घड्याळजी लोकांची एक सवय असते. घड्याळ उघडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक अक्षरात तारीख कोरून ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळी कळतं, कधी उघडलं, काय केलं. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही. लहानपणी बाबांचं भिंग डोळ्याला लावून मी अशी झाकणं वाचत बसायचे. तबकडीच्या खालच्या अंगाला मध्याजवळ तसंच बारीक कोरलेलं होतं. पहिली तारीख सव्वीस वर्षांपूर्वीची. तिच्यापुढे '+२.८'. त्याखाली दुसरी तारीख, पुन्हा '+२.८'. मग तिसरी. एकूण अकरा तारखा, शेवटची बाबा जाण्याच्या आदल्या वर्षीची. सगळ्यांपुढे तोच आकडा आणि दुसऱ्या तारखेपासून त्याच्या पुढे दोन शब्द: 'असू दे.'

त्यांना माहीत होतं. शंभराला दोन पूर्णांक आठ जास्त, म्हणजे सूर जवळजवळ पाव स्वराने वर. ज्या माणसाने दिवसाला चार सेकंद पुढे जाणारं घड्याळ गिऱ्हाइकाला कधी तसंच परत दिलं नाही, त्याने पंचवीस वर्षं हे मशीन पुढे जाऊ दिलं होतं. आणि पुनःपुन्हा तपासून जाऊ दिलं होतं.

बाकाचा खालचा खण उघडला. तिथे जाड पुठ्ठ्याची एक चकती मिळाली. कडेने काळ्या शाईत हाताने आखलेल्या एकशेऐंशी रेषा, दर दोन अंशांना एक. ही चकती फिरत्या तबकडीवर ठेवून ट्यूबलाइटच्या उजेडात पाहिली की वेग बरोबर असेल तर रेषा जागच्या जागी उभ्या दिसतात. जास्त असेल तर पुढे सरकतात. चकतीच्या पाठीवर लिहिलं होतं: 'एका मिनिटात १६८ रेषा पुढे.' योग्य वेगात मिनिटाला सहा हजार रेषा पुढून जातात; सहा हजारांत एकशे अडुसष्ट. बरोबर दोन पूर्णांक आठ. चकतीखाली कागदात गुंडाळलेली दुसरी पितळी टोपी होती. कधीही न वापरलेली, लेथची चकाकी अजून अंगावर. मोजली. सहा पूर्णांक चाळीस. नेमकी जी हवी होती ती. कागदावर फक्त एवढंच: 'वहिनींचं बरोबर होतं.'

वहिनी म्हणजे काकू. पण काकूंचं काय बरोबर होतं, हे मला कळेना. रेकॉर्ड निघाली त्या वर्षी मी शिकायला बाहेरगावी होते.

त्या संध्याकाळी मी नव्या मशीनची सरकपट्टी अधिक दोन पूर्णांक आठवर नेऊन गाणं लावलं. एकेचाळीस सेकंद, बरोबर. आणि मीही बसल्या जागी सावरून बसले, कारण हा तोच आवाज होता, जो या खोलीत मी वर्षानुवर्षं ऐकला होता. हलका, कोवळा.

म्हणजे प्रश्न सुटला होता. शिंपीकाकांना बोलवायचं, 'मशीन नीट लावलं नव्हतं मी, चुकलं' म्हणायचं, पट्टी तिथेच ठेवायची. त्यांची काकू त्यांना परत मिळाली असती. बाबांनी पंचवीस वर्षं तेच केलं होतं. मी दोन दिवस या गोष्टीचा विचार केला. प्रयोगशाळेत एका कारखान्याची पट्टी तपासताना तिची चूक लिहायलाच विसरले आणि साहेबांनी कागद परत पाठवला. दुरुस्त करणं माझं काम नाही. लिहून देणं आहे.

बुधवारी शिंपीकाकांच्या दुकानात गेले. ते कोणाच्या तरी बाहीला खडूने खुणा करत होते.

"रेकॉर्ड झिजलेली नाही," मी दारातूनच म्हटलं. "रविवारी या. दोन्ही आवाज ऐकवते."

"दोन आवाज कुठून आले?"

"या म्हणजे कळेल."

"तू अगदी बापासारखी आहेस," ते म्हणाले. "तोसुद्धा घड्याळ कधी मिळेल ते सांगायचा नाही. 'या म्हणजे कळेल.'"

रविवारी दहाला तिघेही आले. मी बाकावर सगळं मांडलं: उलटी तबकडी, पुठ्ठ्याची चकती, दोन्ही टोप्या. बाबांचं भिंग शिंपीकाकांच्या हातात दिलं. त्यांनी तबकडीवरच्या तारखा वाचल्या, हळूहळू, ओठ हलवत. मी सांगितलं ते सरळ सांगितलं. जुनं मशीन जलद होतं. इतकी वर्षं तुम्ही ऐकलेला आवाज काकूंच्या खऱ्या आवाजापेक्षा पाव स्वराने वर होता. बाबांना माहीत होतं. त्यांनी बरोबर टोपी करूनही ठेवली होती आणि कधीच बसवली नाही.

"का नाही बसवली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी कागद पुढे केला. 'वहिनींचं बरोबर होतं.'

शिंपीकाकांनी भिंग खाली ठेवलं. मग ते हसले, आणि हसतानाच त्यांचा चेहरा रडवेला झाला.

"रेकॉर्ड आली त्या दिवशी आम्ही ती इथेच लावली होती," ते म्हणाले. "हे दोघं नव्हते. ती, मी आणि घड्याळजी. ऐकली आणि ती म्हणाली, 'अहो, ही कोण पोरगी? ही मी नव्हेच. माझा आवाज जाड आहे.' आम्ही दोघं इतके हसलो! मी म्हटलं, आपला आवाज आपल्याला कधीच ओळखू येत नाही, सगळ्यांचं असंच होतं. ती म्हणाली, 'होत असेल सगळ्यांचं. पण ही मी नव्हे.' घरी जाईपर्यंत तेच. मी चेष्टा करत राहिलो."

"आणि बाबांनी चकती आखली," मी म्हटलं.

"मला कुठे बोलला तो? मग तिचं दुखणं आलं. तीन महिन्यांत गेली. त्यानंतर पहिल्यांदा आलो तेव्हा घड्याळजी म्हणाला, 'दादा, मशीनचं थोडं काम आहे, पुढच्या रविवारी लावू.' मी म्हटलं, आत्ता लाव. त्याने लावली. मी म्हटलं..." ते थांबले. "मी म्हटलं, अगदी तीच. याच्यात काही बदल करू नकोस रे."

भिंतीवर एकही घड्याळ नव्हतं, तरी ते थांबवलेलं असल्यासारखं वाटलं.

"लाव," ते म्हणाले. "आधी जुनी."

पट्टी अधिक दोन पूर्णांक आठवर. काकू गायल्या. शिंपीकाकांचा हात मांडीवर चालू लागला आणि चारही ओळी चालत राहिला. खरखऱ्यांनी डोळे पुसले आणि चष्म्यावर राग काढला.

"आता तिची."

मी पट्टी शून्यावर आणली. तबकडीच्या कडेचे ठिपके सरकायचे थांबले, उभे राहिले. कोरस. मग काकू. खालच्या सुरात, भरीव आवाजात, चाळिशीच्या बाईने म्हणावं तसं. शिंपीकाका पुढे वाकून बसले होते, नवीन माणसाचं बोलणं ऐकताना बसावं तसे. हात चालला नाही. तिसऱ्या ओळीआधी काकू श्वास घेतात. तो आवाज इतका बारीक आहे की मी आजवर तो ऐकलाच नव्हता. त्या श्वासाला त्यांनी एकदम मान वर केली.

"इस्त्री उचलण्याआधी असाच घ्यायची," ते म्हणाले. "हीच आहे. जाडच होता तिचा आवाज. शाळेतली पोरं घाबरायची. मीच विसरलो."

गाणं संपलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मग यापुढे कोणती लावायची?"

"हिची. सव्वीस वर्षं तिचं म्हणणं ऐकलं नाही, आता ऐकू दे."

"मागे खरखर आहे बरं का थोडी," खरखरे हळूच म्हणाले.

"असू दे!" तिघेही एकदम ओरडलो.

जाताना शिंपीकाकांनी बाबांची चिठ्ठी मागितली. खिशातून कापडावर खुणा करायची पेन्सिल काढली, ४१ वर आडवी रेघ मारली आणि माझ्याकडे पाहिलं.

"किती म्हणालीस?"

"बेचाळीस पूर्णांक एक."

"म्हणजे एवढी वर्षं एक सेकंद कमीच मिळत होती मला."

"एक पूर्णांक एक," मी म्हटलं.

"बापाचीच पोर," ते म्हणाले, आणि आकडा लिहिला. मग चिठ्ठी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले. कव्हरात घातली, कव्हर अस्तराच्या पिशवीत घातलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. नियमाप्रमाणे आठवडाभर माझ्याकडे.

ते वळल्यावर मी वाचली.

'घड्याळजींच्या मुलीसाठी. दुसरी बाजू, तिसरं गाणं. तिसऱ्या ओळीआधीच्या श्वासाला कान द्यावा.'